पाठदुखी : औषध आणि नेम

ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पडतात त्या रोगाचा इतिहास लिहिला जातो. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगवर ग्रंथ आहेत, अहवाल आहेत, कथाकादंबऱ्याही आहेत. परंतु ज्या दुखण्याने माणूस मरत नाही, केवळ वाकतो, त्याच्या वाट्याला इतिहासकार येत नाही. पाठदुखी हे असे उपेक्षित दुखणे आहे. जात्यावर बसणारी स्त्री, गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणारा शेतकरी, बाजारपेठेत पोती वाहणारा हमाल आणि कचेरीत टिपणे लिहिणारा कारकून या सर्वांच्या आयुष्यात ते होते. परंतु त्याला रोग म्हणण्याइतका मान कोणी दिला नाही. ‘कंबर धरली’, ‘उसण भरली’, एवढे म्हणून माणसे पुन्हा कामाला लागत, किंवा लागू शकत नसत.

आज या दुखण्याची मोजदाद झालेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली जगातील ६१ कोटी ९० लाख माणसे कमरेच्या दुखण्याने त्रस्त होती. म्हणजे साधारणपणे दर तेरा माणसांत एक. माणसाला कामातून उठवणाऱ्या कारणांमध्ये या दुखण्याचा क्रमांक जगात पहिला लागतो. पुष्कळांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप ओसरते. काहींचे मात्र तीन महिने उलटले तरी हटत नाही, आणि मग वर्षानुवर्षे सोबत करते. या जुनाट दुखण्यापुढे औषधाची मात्रा तोकडी पडते. गोळीने चार घटका बरे वाटते. गोळी उतरली की दुखणे पुन्हा दाराशी उभे. मग औषधापलीकडे काय? या एका प्रश्नाच्या शोधाची कथा मोठी उद्बोधक आहे. तिचा एक महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. आणि त्या अध्यायाचा नायक मात्र कर्नाटकातून आला.

प्राचीन वैद्यांना हे दुखणे अपरिचित नव्हते. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात ‘गृध्रसी’ नावाच्या विकाराचे वर्णन येते. नितंबापासून मांडी, पोटरी, पाऊल अशी उतरत जाणारी ती वेदना. गृध्र म्हणजे गिधाड. या विकाराने पछाडलेला मनुष्य गिधाडासारखा अवघडून पाय टाकतो, म्हणून हे नाव पडले, असा अर्थ पुढे रूढ झाला. ज्याने कोणी हे नाव दिले त्याने रोग्याची नाडीच नव्हे, तर चालही न्याहाळली होती, हे उघड आहे. उपचार म्हणून स्नेहन, स्वेदन आणि बस्ती सांगितले गेले. त्याच आयुर्वेदाने निरोगी माणसाला आणखी एक गोष्ट सांगितली. व्यायाम नित्य करावा, पण आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच करावा. हा ‘अर्धशक्ती’चा नियम पुढे या कथेत निराळ्या वेषाने भेटणार आहे.

महाराष्ट्रातील घराघरांत या शास्त्राचा सौम्य अवतार नांदत होता. निर्गुडीचा पाला कढवून दिलेला शेक, सुंठीचा लेप, तिळाच्या तेलाचे मर्दन, हे उपाय पिढ्यान्पिढ्या चालत आले. त्यांनी आराम पडे, हे खोटे नाही. परंतु या सर्व उपायांत रोगी पालथा पडून राही आणि करणारा दुसराच कोणी असे. दुसऱ्या बाजूस तालीम होती. तेथे दंड, बैठका, मल्लखांब होते. शरीर कसलेले, कणा वेतासारखा लवचीक. परंतु ज्याची कंबर धरली आहे त्याला तालमीच्या दारातून आत जाण्याची सोय नव्हती. दुखणाईतासाठी अंथरूण आणि धट्ट्याकट्ट्यासाठी आखाडा. या दोहोंच्या मधली जागा रिकामी होती.

पाश्चात्त्य वैद्यकाची स्थिती फारशी वेगळी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी विश्रांतीच्या गुणकारितेवर व्याख्याने दिली आणि १८६३ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दुखावलेल्या अवयवाला निसर्ग विश्रांती मागतो, ती वैद्याने द्यावी, हा त्यांचा सिद्धांत. मोडलेल्या हाडाच्या बाबतीत तो यथार्थच होता. परंतु हाच न्याय पुढे दुखऱ्या पाठीलाही लावला गेला. पाठ दुखते ना, मग उताणे पडून राहावे. आठवडा, पंधरवडा, महिना. यात १९३४ साली एक नवी भर पडली. बोस्टनचे मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले, की दोन मणक्यांमधली मऊ चकती फुटून मज्जातंतूवर दाबली गेली तर पायात उतरणारी वेदना सुरू होते, आणि शस्त्रक्रियेने ती दूर करता येते. शोध खरा होता, मोलाचाही होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की प्रत्येक पाठदुखीमागे एक सरकलेली चकती शोधण्याची सवय जगाला लागली. पाठ म्हणजे एक यंत्र. यंत्राचा भाग बिघडला, की कारागिराने तो दुरुस्त करावा आणि तोवर यंत्र बंद ठेवावे, अशी ही दृष्टी होती. १९४७ साली रिचर्ड ॲशर या ब्रिटिश वैद्याने अंथरुणाला खिळून राहण्याचे धोके सांगणारा एक खुसखुशीत लेख लिहिला. तो पुष्कळांनी वाचला. पण खाटा तशाच राहिल्या.

नेमक्या याच काळात महाराष्ट्रात वेगळा विचार रुजत होता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार एखाद्या राष्ट्रकार्याच्या निष्ठेने केला. संस्थानच्या शाळांतून त्यांनी ते सुरू केले, त्यावर पुस्तके लिहिली, आणि स्वतः तो नेम चालवून उदाहरण घालून दिले. सूर्यनमस्काराला साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही; लागतो तो फक्त नेम. राजापासून रंकापर्यंत प्रत्येकाने आपला व्यायाम आपणच करायचा, ही कल्पना त्यातून समाजात खोल गेली.

दुसरे कार्य जगन्नाथ गणेश गुणे यांचे. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्याकडे शरीरशिक्षण आणि नर्मदाकाठी परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगशिक्षण घेतलेले हे गृहस्थ पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले गेले. योगाविषयी त्यांची श्रद्धा अढळ होती. पण केवळ श्रद्धेवर ते थांबले नाहीत. आसन घातले असता शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांनी पाहता येईल, दाबमापकाने मोजता येईल, असे त्यांनी ठरवले आणि बडोद्याच्या रुग्णालयात तसे प्रयोग केले. १९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. प्रयोगशाळा आणि आश्रम एका आवारात नांदावेत, ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती. १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेले यौगिक चिकित्सेवरील पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आरोग्यशिक्षण विभागाने प्रसिद्ध केले. योग हा उपचार असेल तर त्याने उपचाराच्या कसोटीला उतरले पाहिजे, हा कुवलयानंदांचा आग्रह. पुढे जे घडले त्याचा पाया येथे आहे.

आणि आता नायकाकडे वळावयास हवे. कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूर या लहानशा गावी १४ डिसेंबर १९१८ रोजी बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म झाला. ते वर्ष इन्फ्लुएन्झाच्या साथीचे. आई तापाने फणफणलेली, मूल जन्मतःच अशक्त. पुढे बिऱ्हाड बेंगळुरूस आले. नवव्या वर्षी वडील गेले. हिवताप, विषमज्वर, क्षय अशा एकामागून एक दुखण्यांनी त्या मुलाचे बालपण कुरतडले. १९३४ साली मेहुण्यांनी त्याला म्हैसूरला आपल्याजवळ बोलावले. हे मेहुणे म्हणजे योगाचार्य तिरुमलै कृष्णमाचार्य. त्यांची शिस्त अत्यंत करडी. आणि या दुबळ्या मुलाकडून त्यांना फारशी आशाही नव्हती. परंतु त्या कठोर शाळेत हे शरीर हळूहळू उभे राहिले.

१९३६ च्या सुमारास कृष्णमाचार्यांच्या शिष्यमंडळीने उत्तर कर्नाटकाचा दौरा केला, त्या वेळी बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी या तरुणाची आसने पाहिली. एका मराठी शल्यचिकित्सकाची ती नजर होती. स्नायू, सांधे आणि मणके यांचे शास्त्र ज्याने शवविच्छेदनाच्या टेबलावर शिकलेले, त्याला जिवंत देहात ते एवढ्या स्पष्टतेने दिसले याचे नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही. गोखले निवृत्त होऊन पुण्यास आले. त्यांच्या पुढाकाराने १९३७ साली अय्यंगारांना डेक्कन जिमखान्यावर योग शिकवण्यासाठी सहा महिन्यांकरिता बोलावण्यात आले. वय अठरा वर्षांचे, शिक्षण अपुरे, मराठी येत नाही, शहर परके. सहा महिन्यांसाठी आलेला हा तरुण २० ऑगस्ट २०१४ रोजी पंच्याण्णवाव्या वर्षी पुण्यातच निवर्तला. पुण्याने त्यांना ठेवून घेतले असे म्हणावे, की त्यांनी पुण्याला, हा प्रश्न सोडून देण्यासारखा आहे.

प्रारंभीची वर्षे हलाखीची होती. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी बहुधा वयाने त्यांच्याहून मोठे आणि शरीराने थोराड. पण या शिक्षकाच्या पदरी एक अशी पुंजी होती, जी जन्मतः सुदृढ माणसाजवळ नसते. दुबळे शरीर आतून कसे असते हे त्यांना ठाऊक होते. डॉ. गोखले व्याख्यान देत आणि अय्यंगार आसने करून दाखवीत, असे कार्यक्रम झाले. हळूहळू निरोगी विद्यार्थ्यांच्या मागोमाग दुखणाईत येऊ लागले. वाकता न येणारे, बसता न येणारे, औषधांना कंटाळलेले. आखाडा आणि अंथरूण यांच्या मधली जी जागा रिकामी होती, ती येथे भरू लागली.

ती कशी भरली, हे थोडे तपशिलाने पाहण्याजोगे आहे. ज्याची कंबर धरली आहे त्याला पुढे वाकून पायाचे अंगठे धरा म्हणणे व्यर्थ, कित्येकदा घातकही. अय्यंगारांनी प्रश्न उलटा केला. माणूस आसनापर्यंत पोहोचत नसेल तर आसन माणसापर्यंत आणता येईल काय? हात जमिनीला पोहोचत नाही, तर हाताखाली वीट ठेवावी. पाय हाताशी येत नाही, तर पायाला पट्टा लावून तो धरावा. पाठीला आधार हवा, तर घोंगडी दुमडून द्यावी. घडीची लोखंडी खुर्ची घेऊन तिच्या पाठीचा पत्रा काढून टाकला, की तीच खुर्ची आसनाचे साधन होते. खुर्चीवर आडवे बसून, तिची पाठ दोन्ही हातांनी धरून कणा सावकाश पिळता येतो. भिंतीला कड्या बसवून त्यांत दोर अडकवले, तर जांघेत दोर घेऊन पुढे झुकता येते. धड खाली लोंबते, कमरेवरचा भार उतरतो, मणक्यांना ताण मिळतो. उताणे निजून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवल्या, की कमरेचे आखडलेले स्नायू सैल सुटतात. टेबलावर वा भिंतीवर हात टेकून धड जमिनीला समांतर केले, तर ज्याला वाकण्याची धास्ती वाटते त्यालाही कणा लांबवण्याचा अनुभव मिळतो.

वीट, पट्टा, दोर, खुर्ची, घोंगडी. मध्यमवर्गीय घरात वा घराबाहेर सहज सापडणाऱ्या या वस्तू. यांत गूढ असे काहीच नव्हते. परंतु या वस्तूंनी एक मोठा बदल घडवला. मर्दनाच्या वा शेकाच्या उपचारात रोगी निष्क्रिय असतो. येथे रोगीच कर्ता झाला. शिक्षक सावध करतो, आधार देतो, चुकले तर सुधारतो. पण कणा उचलायचा तो ज्याचा त्यानेच. आणि हे रोज उचलायचे.

१९५२ साली मुंबईत जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची अय्यंगारांशी गाठ पडली. तासन्तास एका बाजूला मान आणि खांदा आवळून वाद्य धरणाऱ्या या कलावंताचे शरीर थकव्याने ग्रासलेले होते. अय्यंगारांच्या शिकवणीने त्यांना जो आराम मिळाला त्यातून आयुष्यभराचा स्नेह जडला. १९५४ साली मेन्युहिन यांनी त्यांना स्वित्झर्लंडला नेले आणि पश्चिमेची दारे उघडली. १९६६ साली अय्यंगारांचा इंग्रजी ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. त्याला मेन्युहिन यांची प्रस्तावना आहे. मराठी वाचक तो ‘योगदीपिका’ या नावाने ओळखतात. सुमारे सहाशे छायाचित्रांच्या या ग्रंथाच्या अखेरीस रोगवार आसनांची यादी आहे. तीत पाठदुखीला स्वतंत्र स्थान आहे. १९७५ साली पुण्यात पत्नीच्या नावाने उभारलेली रमामणी अय्यंगार स्मृती योगसंस्था सुरू झाली. तेथील चिकित्सावर्गांत दुखऱ्या पाठीची माणसे देशोदेशींहून येऊ लागली.

नियतीने या शिक्षकाची परीक्षाही घेतली. १९७९ साली, साठी उलटल्यावर, स्कूटरच्या अपघातांत त्यांच्या कण्याला आणि खांद्याला इजा झाली. जी आसने पूर्वी श्वासाइतकी सहज होती ती अशक्य झाली. तेव्हा त्यांनी जे इतरांना दिले होते तेच स्वतः घेतले. साधनांचा आधार, आरंभीची सोपी आसने आणि रोजचा अभ्यास. पुन्हा सराव बसवायला पुढची कित्येक वर्षे लागली. दुखावलेल्या शरीराने पूर्ववत होण्याची वाट पाहत न बसता, आहे तेथून प्रारंभ करायचा असतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

पुण्यात हे घडत असता पश्चिमेतही वेदनेचा विचार पालटत होता. आणि गंमत अशी, की तेथेही या विचाराच्या मुळाशी एक दुखावलेले शरीर होते. जॉन बोनिका हा इटलीत जन्मलेला अमेरिकन वैद्य. तरुणपणी शिक्षणाच्या खर्चासाठी तो कुस्त्या खेळला आणि त्या दुखापती त्याने जन्मभर अंगावर वागवल्या. महायुद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करताना त्याच्या ध्यानात आले, की जखम भरली तरी वेदना मागे राहते, आणि एकट्या वैद्याला ती आवरत नाही. १९५३ साली त्याने वेदनेच्या उपचारावर मोठा ग्रंथ लिहिला आणि पुढे सिॲटल येथे अनेक शाखांच्या तज्ज्ञांना एकत्र आणणारे वेदना-चिकित्सालय उभारले. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले, की मज्जारज्जूमध्ये वेदनेच्या संदेशांना जणू एक द्वार आहे. दुखऱ्या भागाला चोळले, वा मेंदूकडून तसा हुकूम आला, तर हे द्वार मिटते. भय आणि चिंता यांनी ते उघडे राहते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे फरक पडले, पण त्याचे सार टिकले. वेदना म्हणजे इजेचे नुसते मोजमाप नव्हे. इजा आणि मन, दोहोंच्या संगमावर ती उभी असते. वेदना मनातली आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. वेदना खरीच असते, पण तिच्या घडणीत मनाचा हात असतो.

बोनिकाच्याच चिकित्सालयात विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट हेरली. जुनाट दुखण्याचा रोगी दुखेपर्यंत चालतो आणि दुखले की थांबतो. म्हणजे विश्रांती हे त्याला दुखण्याचे बक्षीस होऊन बसते. दिवसेंदिवस चालणे घटते आणि दुखणे वाढते. फोर्डाइसने क्रम बदलला. रोगी सहज किती चालतो हे आधी पाहावे. त्याहून किंचित कमी असे माप ठरवावे. मग बरे वाटो वा न वाटो, रोज तेवढेच चालावे. जास्त नाही, कमीही नाही. माप हळूहळू वाढवावे. मराठी मनाला हे ऐकून परके वाटू नये. वारकऱ्याचा हरिपाठ मन रमले तरच होतो असे नाही. तो नेमाने होतो. आणि शक्तीच्या अलीकडेच थांबावे, हा आयुर्वेदाचा अर्धशक्तीचा नियमच सिॲटलच्या चिकित्सालयात नव्या वेषाने अवतरला होता.

खाटेचे साम्राज्यही अखेर ढासळले. १९८६ साली अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी नव्याने पाठ धरलेल्या २०३ रोग्यांपैकी काहींना दोन दिवस, काहींना सात दिवस निजून राहण्यास सांगितले. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले आणि त्यांचे काहीही बिघडले नाही. १९९५ साली हेलसिंकीत १८६ कामगारांवर प्रयोग झाला. त्यात निजून राहणाऱ्यांपेक्षा, जमेल तसे नित्याचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सुधारले. त्याआधी वर्षभर, १९९४ साली, ज्यांची पाठ मुळी दुखतच नव्हती अशा ९८ माणसांच्या कण्यांची चुंबकीय चित्रे घेतली गेली. त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या चकत्या कुठे ना कुठे फुगलेल्या निघाल्या. म्हणजे जे चित्र पाहून कित्येकांनी अंथरूण धरले, तेच चित्र शेजारच्या धडधाकट माणसाचेही असू शकते. ग्लासगोचे शल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ साली हेच निक्षून सांगितले होते, की पाठदुखीने जेवढी माणसे पंगू केली, त्यात दुखण्याच्या भीतीचा आणि लादलेल्या विश्रांतीचा वाटा मोठा आहे.

मग योगाची परीक्षा झाली काय? कुवलयानंदांनी जी कसोटी मागितली होती ती लागली, आणि तिचा निकाल प्रांजळपणे सांगितला पाहिजे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये अय्यंगार पद्धतीचे प्रयोग झाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ९० रोगी होते; चोवीस आठवड्यांच्या शिकवणीने त्यांचे दुखणे आणि अडणूक दोन्ही घटली. २०११ साली इंग्लंडमध्ये ३१३ रोग्यांवर झालेल्या प्रयोगात निकाल अधिक सूक्ष्म आला. योग करणाऱ्यांची हालचाल वर्षभर अधिक मोकळी राहिली. दुखणे मात्र इतरांच्या मानाने विशेष कमी झाले नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतील २२८ रोग्यांच्या प्रयोगात योग हा उपचाराचे पुस्तक वाचण्यापेक्षा सरस ठरला. पण स्नायूंना ताण देणाऱ्या साध्या व्यायामाच्या तो बरोबरीचाच निघाला. योगाभिमान्यांनी या निकालाने खट्टू होण्याचे कारण नाही. एखादे आसन हा रामबाण नाही, एवढाच त्याचा अर्थ. गुण आसनाच्या नावात नसून, जाणतेपणाने, बेताने आणि रोज केलेल्या हालचालीत आहे. दुखणे समूळ गेले नाही तरी आयुष्य पुन्हा हाती येते, ही मिळकत लहान नव्हे.

ज्या बेंगळुरूत अय्यंगारांचे दुखणाईत बालपण गेले, त्या शहरातही या विद्येचा अभ्यास पुढे गेला. शहराच्या दक्षिणेस जिगणीजवळ प्रशांती कुटीरम् येथे स्वामी विवेकानंदांच्या नावाची योग-संशोधन संस्था आहे. तेथे जुनाट पाठदुखीच्या ८० रोग्यांना आठवडाभर निवासी ठेवून, निम्म्यांना योग आणि निम्म्यांना शारीरिक व्यायाम शिकवण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात योगवाल्यांची अडणूक अधिक कमी झाली आणि कणा अधिक लवचीक झाला. एका आठवड्याच्या फळावरून आयुष्याचा निष्कर्ष काढता येत नाही. पण हा प्रयोग ज्या शहरात झाला ते शहर ध्यानात घेण्यासारखे आहे.

कारण याच शहराच्या आग्नेय अंगाला बेळ्ळंदूर आहे. मोठ्या तलावाच्या काठचे हे एके काळचे शेतकऱ्यांचे गाव. आता तेथून बाह्य वर्तुळमार्ग जातो आणि त्याच्या दुतर्फा संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, नागपूर येथून आलेली मराठी मुलेमुलीही तेथे काम करतात. जेथे पाठ चिखलात वाकून दुखत असे, तेथे ती आता खुर्चीत बसून दुखते. एकाच भूमीवर दुखण्याचे कारण बदलले. कण्याची गरज बदलली नाही. त्याला ना अखंड ओझे मानवते, ना अखंड बैठक. तासातासाने उठावे, चार पावले चालावे, खुर्चीवरच कणा सावकाश पिळावा. अय्यंगारांनी पुण्यात जी साधी खुर्ची उपचाराचे साधन केली, ती बेळ्ळंदूरच्या प्रत्येक मेजाशी मांडलेलीच आहे.

दोन इशारे मात्र विसरून चालणार नाहीत. पहिला असा, की प्रत्येक पाठदुखी व्यायामाने बरी होणारी नसते. ताप येणे, वजन घटणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारी वेदना, पायातली शक्ती जाणे, मलमूत्राचा ताबा सुटणे, अशी चिन्हे दिसली तर विनाविलंब डॉक्टर गाठावा. भारतात मणक्याचा क्षय अद्याप आढळतो, आणि त्यावर औषधोपचार हाच उपाय आहे. औषधापलीकडे जाणे म्हणजे औषधाचा द्वेष नव्हे. दुसरा इशारा समाजासाठी आहे. नेम ही ज्याची त्याने पाळायची गोष्ट खरी. पण हमालाच्या पाठीवरचे पोते हमालाला एकट्याला हलके करता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने वाहावयाच्या ओझ्याच्या मर्यादेविषयी १९६७ साली करार केला; भारताने त्याला २०१० साली मान्यता दिली. पाठीचा काही भाग कायद्याच्या हाती असतो, आणि बैठे काम करणाऱ्याला उठण्याची सवड देणे मालकाच्या हाती.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीविषयी आपली पहिली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दुखण्याची नीट समज देणे, व्यायाम, मर्दनासारखे काही शारीरिक उपचार, मनाला सावरणारे उपचार आणि मोजकी वेदनाशामके, यांची तिने शिफारस केली. कमरेचे पट्टे, यंत्राने ताण देणे आणि अफूच्या जातीची औषधे यांवर सरधोपट भिस्त ठेवू नये, असेही बजावले. लोणावळ्याच्या प्रयोगशाळेपासून सिॲटलच्या चिकित्सालयापर्यंत निरनिराळ्या वाटांनी चाललेली माणसे अखेर एकाच मुक्कामी आली, असे त्या पानांवरून दिसते.

औषध घेता येते, विकत आणता येते, दुसऱ्याच्या हातून पाजताही येते. नेमाचे तसे नाही. तो दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही, एकदाच करून संपवता येत नाही, आणि आजचा उद्यावर टाकला तर उद्या तो दुप्पट जड होतो. म्हणूनच तो स्वस्त असूनही दुर्मीळ आहे. पण ज्याला कोणी आशा दिली नव्हती अशा एका अशक्त मुलाने त्याच्या बळावर आपला कणा दोन वेळा उभा केला, एकदा म्हैसुरात पंधराव्या-सोळाव्या वर्षी आणि एकदा पुण्यात साठीनंतर. जुनाट दुखण्याने खचलेल्या माणसाला इतिहासाने द्यावा असा दिलासा एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे.